पायडल मारलं तरच : ई-सायकल आणि रोजची कामं

फलकावरचा आजचा विषय वाचून काहीजण बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसानं सायकलीवर काय बोलावं? आमच्या घरातूनही हीच शंका आली होती. पण हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो रस्त्यात आमच्या अंगावर आला.

झालं असं, की सेनापती बापट रस्त्याच्या चढावर आम्ही ई-सायकलवरून चाललो होतो. मागे कॅरिअरला भाजीची पिशवी. शेजारी एक तरुण साध्या गिअरच्या सायकलवर, घामाघूम. आम्ही त्याच्या पुढे गेलो. पुढच्या सिग्नलला तो येऊन थांबला, सायकलीकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "आजोबा, ही तर चीटिंग झाली! बॅटरी आहे ना? मग पायडल कशाला मारताय?"

सिग्नल सुटला, तो गेला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. नीट बघितलं तर ते दोन प्रश्न आहेत. एक, यंत्राची मदत घेतली तर ते श्रम माझे राहतात का? दुसरा, यंत्र आहेच, तर मग आपण श्रम करायचेच कशाला? पहिला लबाडीचा, दुसरा आळसाचा. आणि गंमत बघा, दोन्ही एकाच वाक्यात आले. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. दिसायला साधी सायकल. चेन, पायडल, ब्रेक, घंटी, सगळं तेच. जास्तीचं एवढंच : चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, किंवा पायडलच्या दांड्यापाशी एक छोटी मोटर, सांगाड्याला बसवलेली लिथियम-आयन बॅटरी, आणि आपण पायडल मारतोय की नाही हे ओळखणारा एक सेन्सर. पायडल फिरलं की मोटर जोर लावते. पाय थांबले की मोटर थांबते.

सेन्सर दोन प्रकारचे असतात आणि घेणाऱ्यानं हा फरक समजून घ्यायला हवा. स्वस्त प्रकार फक्त पायडल फिरतंय का एवढंच बघतो. तुम्ही हळू दाबा की जोरात दाबा, तो ठरलेली मदत देतो, आणि तीही क्षणभर उशिरा. आमची पहिली सायकल अशीच होती. एकदा गल्लीच्या कोपऱ्यावर आम्ही सहज अर्धं पायडल मारलं, सायकल पुढे उसळली आणि चाक थेट केळीवाल्याच्या गाडीला जाऊन टेकलं. चूक आमचीच, ब्रेकवर बोट नव्हतं. दुसरा प्रकार तुमच्या पायाचा जोर मोजतो. थोडं दाबलंत तर थोडी मदत, जास्त दाबलंत तर जास्त. तो महाग असतो. पण पाय आणि मोटर यांच्यात वेगळेपण जाणवत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पोंटी यांनी अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं आहे. सवय झाली की काठी ही हातातली वस्तू राहत नाही, स्पर्श काठीच्या टोकाशी जाऊन पोचतो. चांगल्या ई-सायकलवर काहीसं तसंच होतं. मोटर चालली आहे असं वाटतच नाही. वाटतं, आज पाय बरे आहेत.

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. माणूस, सायकल आणि पिशवी मिळून शंभर किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरनं जायला साधारण ५० ते ६० वॉट लागतात. सत्तरीतला बऱ्या प्रकृतीचा माणूसही हे करू शकतो. आता शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता घ्या. त्याच वेगासाठी आता अडीचशे वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे चौपट-पाचपट. आमच्या पायांतून दम न लागता ७०-८० वॉट निघतात. तेवढ्यावर तो चढ चढायचा तर वेग ताशी पाच किलोमीटर होतो. त्या वेगाला सायकलीचा तोल राहत नाही, उतरून ढकलावी लागते. पण उरलेले पावणेदोनशे वॉट मोटरनं दिले, तर तोच चढ आपण गप्पा मारत चढतो.

म्हणजे सपाट रस्त्यावर मोटरचं फारसं काम नाही. ती लागते चढावर, समोरून वारा असताना, आणि सिग्नलला थांबून पुन्हा निघताना. पुण्यासारख्या गावात हे तिन्ही आहे. एके काळी हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. ते शहर मुख्यतः पेठांचं आणि आसपासचं, अंतरं लहान. मग शहर टेकड्यांच्या पलीकडे गेलं, कॉलेज एकीकडे नि घर दुसरीकडे झालं, आणि आमच्यासारख्यांनी सायकल सोडून स्कूटर घेतली. आम्ही सायकल सोडली ती आळसानं, असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं. त्यात आळस थोडा होताच. पण चढही होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यंत्राची कोणती मदत चांगली?

गांधीजींना १९२४ साली दिल्लीत एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांचं उत्तर पुढे 'हिंद स्वराज्य'च्या प्रस्तावनेतही आलं. त्याचा आशय असा, की विरोध यंत्राला नाही, यंत्रांच्या वेडाला आहे. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद म्हणून मान्यता दिली. बायकोला हातानं शिवताना होणारा त्रास बघून सिंगरनं ते बनवलं, त्यामागे माया आहे, असं ते म्हणाले. आणि एक कसोटी सांगितली : यंत्रामुळे माणसाचे अवयव निकामी होता कामा नयेत.

ही कसोटी आपण ई-सायकलीला लावून बघू. पाय थांबले तर मोटर थांबते. म्हणजे या यंत्राच्या रचनेतच एक अट आहे, तू केलंस तर मी करीन. आमच्या मते या सायकलीचं सगळं मोल त्या अटीत आहे. स्कूटर अशी अट घालत नाही. लिफ्ट घालत नाही. तुम्ही बसा किंवा उभे राहा, ती तुम्हाला पोचवते. ई-सायकल तुम्हाला पोचवत नाही, तुमच्याबरोबर येते.

ही अट कायद्यानंही ओळखली आहे. बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेली अशी पहिली सायकल जपानची, यामाहा कंपनीची, १९९३ सालची. जपानचा नियम बघण्यासारखा आहे. ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटरनं माणसाच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट जोर लावायचा. तिथून पुढे मदत कमी कमी करत न्यायची आणि २४ किलोमीटरला शून्य. माणूस किती आणि यंत्र किती याचं प्रमाणच कायद्यानं ठरवून दिलं आहे! तिथे पुढे-मागे मुलांना बसवून शाळेत सोडणाऱ्या आया याच सायकली वापरतात. युरोपात मर्यादा २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरची. आपल्याकडे एक चिठ्ठी आत्ताच आली आहे, "लायसन्स लागतं का?" नाही लागत. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी असली, वेग वाढेल तशी तिची मदत कमी होत २५ किलोमीटरला बंद पडत असली, आणि पायडल थांबवल्यावर ती थांबत असली, तर अशी सायकल मोटार वाहन धरत नाहीत. त्यामुळे नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही.

पण इथे एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ ई-सायकलींना हँडलवर पिळायची मूठही असते. मूठ पिळली की पायडल न मारता सायकल चालते. दुकानदार तीच आधी दाखवतो, कारण गिऱ्हाईक खूश होतं. मर्यादेत असेल तर कायद्यालाही ती चालते. भर चौकात मधोमध अडकलात तर कामाला येते, हेही खरं. पण महिनाभर मुठीवरच गेलात तर तुम्ही एक कमी ताकदीची स्कूटर विकत घेतलीत असं समजा. आम्ही काय केलं, मुठीला एक रबर गुंडाळून ठेवलं. पिळायची तर आधी रबर काढावं लागतं. तेवढ्या वेळात माणूस विचार करतो.

आता २५ या आकड्याकडे या. इव्हान इलिच हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जन्म व्हिएन्नाचा, काम बरंचसं मेक्सिकोत. शाळा, वैद्यक, वाहतूक अशा संस्थांची त्यांनी कठोर तपासणी केली. १९७०च्या दशकात ऊर्जा आणि समता या विषयावर त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला हिशेब मजेशीर आहे. अमेरिकन माणूस वर्षाला गाडीत बसण्यात, गाडी उभी करण्यात आणि गाडीचे हप्ते, पेट्रोल, विमा यांचे पैसे कमावण्यात मिळून १६०० तास घालवतो आणि जातो साधारण १२ हजार किलोमीटर. भागाकार करा. ताशी साडेसात किलोमीटर! भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडासाच जास्त.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. ते म्हणाले, वाहतुकीचा वेग ताशी १५ मैलांच्या, म्हणजे साधारण २५ किलोमीटरच्या पुढे गेला की समता घटू लागते. वेगवान माणसाला जास्त जागा लागते, तो इतरांचा रस्ता खातो. अंतरं त्याच्या सोयीनं लांबतात, आणि मग पायी चालणाऱ्याला कुठेच पोचता येत नाही. त्यांचा आकडा तंतोतंत मानायची गरज नाही. पण त्यांनी ज्या वेगाशी रेघ ओढली, जवळपास त्याच वेगाशी आज युरोपातले आणि आपल्याकडचे नियम मोटर बंद करतात. हा योगायोग असेल. तरी आम्हाला तो बोलका वाटतो. २५ च्या आतला माणूस समोरच्याचा चेहरा बघू शकतो, आजीबाई रस्ता ओलांडत असतील तर थांबू शकतो.

बरं, हे झालं तत्त्व. रोजच्या कामांचं काय?

घरी बसून एक यादी करा. गेल्या आठवड्यात तुम्ही कुठे कुठे गेलात? बँक, किराणा, दळण, औषधं, वाचनालय, नातवाचा क्लास, एखाद्या आजारी मित्राकडे. यातली बहुतेक अंतरं दोन ते सात किलोमीटरची निघतील. चालायला जास्त आणि गाडी काढायला कमी. या मधल्या अंतरासाठी आपण सव्वाशे किलोची स्कूटर किंवा हजार किलोची मोटार बाहेर काढतो, कशासाठी, तर दोन किलो टोमॅटो आणायला! ई-सायकल वीस-बावीस किलोची. कोथरूडहून मंडई सहा-सात किलोमीटर. रमतगमत अर्ध्या तासात होतं, आणि गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागत नाही.

नोकरीवर जाणाऱ्यांची अडचण वेगळी, घामाची. कार्यालयात ओल्या शर्टानं कसं बसणार? तिथे ही मदत खरी उपयोगी पडते. जाताना मदत जास्त ठेवा, घाम येत नाही. येताना कमी ठेवा किंवा बंद करा, व्यायाम होतो. सायकल एकच, सकाळी वाहन आणि संध्याकाळी व्यायामशाळा.

खर्चाचंही सांगतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. चार्जरमधली गळती धरूनही अर्ध्या युनिटच्या आत पूर्ण भरते. युनिटला दहा रुपये धरले तरी पाच रुपयांच्या आत तीस-पस्तीस किलोमीटर. खरा खर्च सायकलीचा आणि पुढे कधीतरी बॅटरी बदलण्याचा. बॅटरी काढता येणारीच घ्या. आपल्या सोसायट्यांत खाली प्लग नसतो. तीन किलोची बॅटरी वर नेता येते, बावीस किलोची सायकल नाही. चार्जर मूळचाच वापरा. रात्रभर लावून झोपू नका, उन्हात तापलेली बॅटरी लगेच लावू नका. पावसात भिजली तर चालते, पण पाणी साचलेल्या रस्त्यात हबपर्यंत बुडवू नका, आणि धुताना पाइपाचा जोराचा फवारा मारू नका.

आणखी एक गोष्ट, पुरुषांसाठी. आमच्या वयात पडायला होतं ते बहुधा चढता-उतरताना, दांड्यावरून पाय टाकताना. म्हणून खाली वाकलेल्या दांड्याची सायकल घ्या, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो. दुकानात आमचाही हात आधी उंच दांड्याच्या सायकलीकडेच गेला होता. सत्तरीत लाज कुणाची धरायची? हाडांची काळजी घ्या.

प्रकृतीबद्दल लोक विचारतात, की मदत घेतली तर व्यायाम कसला? युरोपातल्या सात शहरांत झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ई-सायकल वापरणाऱ्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास भरली. कारण सरळ आहे : दर किलोमीटरला कष्ट कमी, पण माणसं जास्त लांब जातात. आमचंही तेच झालं. साधी सायकल असती तर ती गॅलरीत उभी राहिली असती.

आता जे सांगायचं आहे ते थोडं जड आहे. आमचे एक जुने स्नेही. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून घसरले, फार लागलं नाही. पण मुलांनी स्कूटरची चावी काढून घेतली. मुलांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यानंतर कुठेही जायचं तर विचारावं लागे : आज मला जरा सोडशील का? सुरुवातीला ते विचारत. मग विचारणं कमी झालं. मग बैठकीला येणं बंद झालं. मुलं प्रेमळ आहेत, फोनवर रिक्षा मागवून देतात. पण 'जाऊ का?' असं विचारून जाणं आणि 'जाऊन येतो' असं सांगून जाणं यात फार अंतर आहे. म्हातारपणी माणूस आधी घरात अडकतो आणि मग मनात.

आम्ही त्यांना आमची सायकल आठ दिवस दिली. आधी सोसायटीच्या आवारात, मग गल्लीत, मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर. त्यांनी घेतली का? नाही घेतली. रस्त्याची भीती वाटते म्हणाले. आणि त्यांच्या भीतीला आमच्याकडे उत्तर नाही. कारण ती खोटी नाही.

ई-सायकलीचा खरा अडथळा बॅटरी नाही, रस्ता आहे. पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा झाला. काही रस्त्यांवर सायकलमार्ग आहेत. त्यांवरून जाऊन बघा. मध्ये गाड्या उभ्या, पुढे विजेची पेटी, आणि चौक आला की मार्ग गायब, म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त तिथेच. नेदरलँड्समध्ये २०२२ साली विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकी निम्म्याहून जास्त विजेच्या होत्या. पण त्यांनी रस्ते आधी बांधले, मोटर नंतर आली. आपल्याकडे मोटर आधी आली आहे.

आणि एक विसरू नका. आजही या शहरात रोज सायकल चालवणारे लोक आहेत. रात्रपाळीचे वॉचमन, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारी मुलं, चार घरी काम करणाऱ्या काही बायका. त्यांच्यासाठी सायकल ही निवड नाही. तीस-चाळीस हजारांची ई-सायकल त्यांच्या आवाक्यात नाही, आणि चढ मात्र त्यांनाच सर्वांत जास्त चढावे लागतात. आपण ई-सायकल घेऊन रस्त्यावर आलो तर निदान एवढं व्हावं, की सायकलमार्गाची तक्रार करणाऱ्यांत शिकलेल्या, वेळ असलेल्या, अर्ज लिहिता येणाऱ्या माणसांची भर पडेल. त्यांच्या रस्त्यासाठी आपण भांडलो तर तो आपलाही रस्ता होतो. आम्ही आमच्या क्षेत्रीय कार्यालयात तीन अर्ज दिले आहेत. दोनांची पोच मिळाली. एका ठिकाणी फुटपाथवरून उतरायला उतार करून दिला. एवढंच झालं आहे, पण झालं आहे.

आता त्या तरुणाकडे परत. चीटिंग झाली का? शर्यत असती तर झाली असती. पण आम्ही शर्यतीत नव्हतो, भाजी आणत होतो. आणि पायडल कशाला मारता? तर पाय अजून आहेत म्हणून. जेवढं आमच्यानं होतं तेवढं आम्ही करतो, होत नाही तेवढीच मदत घेतो. चष्म्याला कुणी चीटिंग म्हणत नाही, कारण बघायचं काम शेवटी डोळेच करतात.

ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी लगेच विकत घेऊ नका. कुणाची तरी मागून घ्या, रविवारी सकाळी एक चढ चढून बघा. आमची बाहेर झाडाखाली उभी आहे. मुठीवरचं रबर तेवढं काढू नका. नमस्कार.